हार घातलेली चौकट

माझी मोठी बहीण दारात आली, तिने मला पाहिलं आणि ती खाली पडली. मी सोफ्यावर बसून मेथी निवडत होते. ती अर्धी घरात, अर्धी बाहेर. हातातली पिशवी पुढे घसरली आणि त्यातून जांभळ्या काठाचं लुगडं बाहेर आलं. नवं, घडी न मोडलेलं. ते पाहून मला सगळं कळलं. बाई मेली की तिच्या अंगावर घालायला माहेराहून लुगडं येतं. आमचे आईबाप, भाऊ कोणी राहिले नाहीत, म्हणून माझं माहेर म्हणजे तीच. ते लुगडं माझ्यासाठी होतं.

मागे तिचा मुलगा उभा होता. 

"मावशी, तू तं..."

"मी काय? आधी तिले धर."

तिचं कपाळ बर्फासारखं थंड होतं आणि झंपर घामाने भिजलं होतं. डोळे अर्धे उघडे, पण ती मला पाहत नव्हती.

"काय खाल्लं इनं?"

"काहीच नाही. सकाळी साखरेची गोळी घेतली, तेवढ्यात खबर आली. म्हणे, माती झाल्याबिगर पाणी नाही घेत."

साखर मलाही आहे. गोळी घेऊन उपाशी राहिलं की काय होतं, ते मी एकदा भोगलं आहे. मी नातीला ओरडून साखर मागितली आणि चिमूटभर तिच्या गालाच्या आत चोळली. ती गिळेल की नाही याची खात्री नव्हती. तिला जीव होता, पण किती वेळ राहील ते सांगता येत नव्हतं. नात चमचा हातात धरून रडत उभी होती. मी म्हटलं, "रडणं नंतर. गाडी काढ."

आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर लाकडाची मोठी चौकट आडवी ठेवलेली होती, झेंडूच्या वाळलेल्या हारासकट. ती काढल्याशिवाय बहिणीला झोपवता येईना. भाच्याने ती ओढून रस्त्यावर फेकली. मनीषनगरातून रामदासपेठेच्या दवाखान्यापर्यंत बहिणीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिचा श्वास चालू आहे की नाही, ते मी तिच्या नाकाशी हात धरून पाहत होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सगळं घडलं त्या चौकटीमुळे. माझी नात फोटो काढते, पण लग्नातले नाही. ती आधी फोटो मांडते, मग काढते. बेसाकडे आमचा एक रिकामा प्लॉट आहे. तिथे तिने एकदा पलंग, मच्छरदाणी आणि टेबलफॅन नेऊन ठेवला आणि मला गवतात झोपवलं. एकदा बाभळीला चहाचे कप टांगले, असे की दोरा दिसू नये. मी विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, स्वप्नात दिसतं तसं. मला स्वप्नात बहुतेक गॅस संपलेला दिसतो. पण ती सांगते तिथे मी बसते. घरात बसून तरी काय करायचं?

या वेळी तिने ती चौकट दोन बांबूंना बांधून उभी केली, तिला हार घातला आणि मला मागे खुर्चीवर बसवलं. माझा हात चौकटीतून बाहेर काढलेला, हातात चहाची कपबशी. मेलेली आजी फोटोतून चहा घ्यायला बाहेर येते, असं ते होतं. माझी सून म्हणाली, "जित्या माणसाले हार? अपशकुन होते." मी म्हटलं, "हारानं माणूस मरत असता तं आतापर्यंत किती पुढारी मेले असते." फोटो छान आला. नातीने तो आपल्या मोबाइलवर डीपी म्हणून लावला.

त्या लहानशा गोलात चहा दिसत नव्हता. माझा चेहरा दिसत होता आणि हार. बहिणीच्या सुनेने काटोलकडच्या त्यांच्या गावी तो पाहिला आणि घरात रडणं सुरू झालं. कोणी फोन का केला नाही, असं आता लोक विचारतात. मौतीच्या घरी फोन करून "खरंच मेली का?" असं कोण विचारतं? निघायचं असतं. ते निघाले. दारात तिरडीचे बांबू, गर्दी काही नव्हती, तर भाच्याला वाटलं की मला अजून दवाखान्यातून आणायचं आहे.

दवाखान्यात ग्लुकोज लावलं. बाटली बरीच खाली गेल्यावर तिने डोळे उघडले.

"तू मेली नाही?"

"नाही."

"मंग हार कायले?"

"फोटोसाठी. पोरीनं सांगितलं, बसली मी."

"येड्या घरची आहे तू."

"एकाच घरच्या आहो आपण."

नात दाराशी उभी होती. म्हणाली, "आजी, मी तो फोटो मिटवून टाकते."

बहीण म्हणाली, "आधी मले दाखव पूर्ण."

तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळली. "चहा पिऊन राहिली! मी उपाशी मरून राहिली, अन् हे चहा पिऊन राहिली!" नर्स धावत आली. मला हसू आवरेना. बहीण हसली नाही. तिने चहा मागितला.

फोटो मिटवायचा की ठेवायचा, हे नातीने तिच्यावरच सोडलं. बहीण म्हणाली, "ठेव, पण मोबाइलच्या त्या गोलात लावू नको." पुढे तो एका प्रदर्शनात भिंतीएवढा मोठा लागला. आम्ही दोघी पाहायला गेलो. एक म्हातारे गृहस्थ चप्पल काढून फोटोसमोर हात जोडून उभे राहिले. बहीण त्यांना म्हणाली, "घाला जी चप्पल. जित्ती आहे ते. हे पाहा, बाजूलेच उभी आहे." ते घाईने निघून गेले. चप्पल त्यांनी बाहेर जाऊनच घातली असावी.

लुगडं ती परत न्यायला तयार झाली नाही. मेलेल्याच्या नावाने आणलेलं कापड घरी न्यायचं नसतं. सून म्हणाली, देऊन टाका कोणाला. पण कापड चांगलं आहे, धुतलं तरी रंग जात नाही. ते मी घरात नेसते.

बहीण त्या दिवशी वाचली. ती आहे, आणि मीही आहे.