तेलाचा बोळा

तिळाच्या तेलाचा वास आला, की मला कन्नडजवळचं आमचं गाव आठवतं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शननंतर गावातल्या ठासणीच्या बंदुका चौकीत जमा करायच्या होत्या. माझ्या मालकांचे शिकारीतले एक मुसलमान दोस्त त्याआधीच जिवाच्या भीतीनं बायकामुलांना घेऊन हैदराबादला निघून गेले होते, आपली बंदूक आमच्याकडं ठेवून. मालकांनी आपल्या आणि दोस्ताच्या अशा दोन्ही बंदुकांच्या नळ्या मी उकळून दिलेल्या पाण्यानं धुतल्या, गजाला चिंधी गुंडाळून कोरड्या केल्या, आतून तेल फिरवलं आणि मगच बंदुका जमा केल्या. जमादार म्हणाला, “कशाला एवढं जपता? परत मिळतीलच असं नाय.” तरी दर महिन्याला मालक चौकीत जायचे आणि दोन्ही नळ्यांतून तेलाचा बोळा फिरवून यायचे. दोन वर्षांनी दोस्त परतले. औरंगाबादहून परवाना झाला, तशी बंदूक सोडवून ते थेट आमच्या अंगणात आले. त्यांनी नळीत करंगळी घातली, बाहेर काढली आणि तेलानं चकाकणाऱ्या बोटाकडं बघतच राहिले. “यार, गंज नाय धरला?” “धरू दिला नाय,” मालक म्हणाले. दोस्त त्यांच्या गळ्यात पडून लहान लेकरासारखे रडले. त्या दोन वर्षांत मालकांनी त्यांचं नाव एकदाही काढलं नव्हतं. मालकांना दोस्ताची किती आठवण येत होती, ते मला आता, दोघंही गेल्यावर, कळतं.