खोल जाणारी नक्षी

स्वयंपाकघराला लागून एक छोटी खोली आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती माझ्या शिवणयंत्रासाठी ठरली होती. आज तिथे सासऱ्यांचं लाकूड कोरायचं मशीन आहे आणि माझं शिवणयंत्र पलंगाखाली. पिठात भुसा, उशीवर भुसा, चहाच्या कपात भुसा. मी कटकट करते. कटकट केली नाही तर या घरात मी राहते हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

पण मशीन नको, असं मी कधी म्हटलेलं नाही. ते का, ते सांगते.

दादा, म्हणजे माझे सासरे, आयुष्यभर हाताने लाकूड कोरत आले. गल्लीत त्यांना त्यांच्या नावाने कोणी ओळखत नाही, ‘नक्षीवाले’ म्हटलं की पोस्टमनही बरोबर दारात येतो. मग हात थरथरायला लागले. एकदा पटाशी निसटली आणि सरळ डाव्या तळहातात घुसली. त्यानंतर त्यांनी हत्यारं पेटीत घातली आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. पेपर उलटा धरलाय हेसुद्धा त्यांना कळायचं नाही. जेवायला हाक मारली तर “भूक नाही” म्हणायचे, आणि नसायचीच. त्या दिवसांत मला घरात वावरायची भीती वाटायची.

माझ्या नवऱ्याने तेव्हा हे मशीन आणलं. जेवणाच्या टेबलाएवढं, वर एक आडवा पूल, पुलावर मोटर, मोटरच्या खाली फिरणारं बिट, म्हणजे कोरायचं टोकदार पातं. संगणकावर चित्र द्यायचं, मशीन ते लाकडात उतरवतं. दादांनी पहिले काही दिवस त्याला पाण्यात पाहिलं. “हे कोरतं का कुरतडतं?” म्हणायचे. पण माणूस मुळात कारागीर. माउस दोन्ही हातांनी धरून एकेक रेष ओढायला शिकले, कुठलं लाकूड किती वेगाने घ्यायचं ते शिकले. आणि त्यांना भूक लागायला लागली. म्हणून मी पिठातला भुसा चाळून काढते आणि तोंड मात्र चालू ठेवते.

या पावसाळ्याच्या आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई एक फळी घेऊन आल्या. त्यांच्या अंगणातलं म्हातारं झाड वादळात पडलं होतं. आत सगळं पोकळ, त्यातून एवढी एकच धड फळी निघाली. त्यांना दवाखान्याच्या दारावर लावायला फळीत तेच झाड कोरून हवं होतं, पानं आणि पाखरांसकट.

“दुसरी मागू नका हं,” त्या म्हणाल्या. “झाडच एक होतं.”

दादांनी फळीवरून हात फिरवला आणि मान डोलावली. त्या रात्री ते दोनदा वाढून घेऊन जेवले.

आणि नेमकं तेव्हाच मशीन बिघडलं. दादा आधी टाकाऊ लाकडावर नमुना काढून बघतात. पहिल्या पानाच्या शिरा केसासारख्या आल्या. पुढच्या पानाच्या जरा जाड. शेवटच्या पानापर्यंत शिरा कुठल्या, गटारंच खणली होती. काम पुढे सरकेल तसं बिट खोल खोल जात होतं. फळीवर असं झालं असतं तर पाखरं आरपार गेली असती.

दादांनी टेबलाची पातळी तपासली. मोटर वर-खाली करणारा आट्यांचा दांडा साफ केला, तेल दिलं. त्या दांड्याला फिरवणाऱ्या मोटरचा जोड सैल आहे का पाहिला, त्याचे बारीक स्क्रू घट्ट केले. नवीन बिट लावलं. प्रत्येक वेळी टाकाऊ लाकूड चढवायचं, आम्ही श्वास धरून बघायचं, पहिलं पान सुरेख, आणि मग ये रे माझ्या मागल्या.

“दादा, बिट खाली सरकत तर नाही ना?” मी एकदा विचारलं. बिट मोटरच्या खाली एका चिमट्यात बसतं आणि वरून एक नट आवळतात. एक पाना मोटरचा आस धरायला, दुसरा नट फिरवायला. तेवढं मला बघून बघून माहीत होतं.

“नट मी आवळलाय,” ते म्हणाले. बस्स, विषय संपला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं.

माझ्या नवऱ्याचा राग नाकावर असतो. शनिवारी संध्याकाळी कामावरून आला, खोलीत तुकड्यांचा ढीग बघितला आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं. मशीनला काही झालेलं नाही. दादांना आता झेपत नाही. डॉक्टरीणबाईंची फळी वाया गेली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. उद्या शेवटचं बघतो. नाही जमलं तर फळी परत आणि मशीन ज्याला हवं त्याला देऊन टाकू.”

“हळू बोला,” मी म्हटलं. भिंत केवढीशी ती. पलीकडे मशीन पुसण्याचा आवाज एकदम थांबला होता.

मला इतका संताप आला की हातातलं भांडं मी आपटलंच. नवऱ्यावर राग होता, पण भीती जास्त होती. मला ती गॅलरीतली खुर्ची दिसायला लागली.

रविवारी सकाळी दादांनी बिट बसवलं आणि तोंड धुवायला गेले. मी नखांना लावायचं लाल पॉलिश घेतलं आणि बिट जिथे नटात शिरतं तिथे बारीक खूण केली. दादा आले, त्यांनी नमुना सुरू केला. शेवटच्या पानाला गटार झालंच. ते मान खाली घालून संगणकाकडे वळले, तेवढ्यात मी वाकून पाहिलं. लाल खूण नटापासून तांदळाच्या दाण्याएवढी खाली आली होती.

बिट सरकत होतं. म्हणजे नट सैल राहत होता. म्हणजे दादांच्या हातात तो आवळायचा जोर उरला नव्हता. साप सोडून आम्ही इतके दिवस भुई धोपटत होतो.

आता हे सांगायचं कोणी? ज्या माणसाने उभ्या जन्मात आपल्या हातावर विश्वास ठेवला, त्याला मी, काल आलेली, सांगू की दादा, तुम्ही आवळलेलं सुटतं? आणि तेही मुलगा बाहेर पेपर वाचत बसलेला असताना? माझी जीभ एरवी कैचीसारखी चालते. त्या वेळी टाळ्याला चिकटली.

दादांनी बिट काढून पुन्हा बसवलं, नट आवळला आणि नवीन तुकडा आणायला गॅलरीत गेले. मी दोन्ही पाने उचलले. नट आणखी जवळजवळ पाव फेरा फिरला. हात दुखेपर्यंत आवळला आणि बाजूला झाले.

पहिलं पान केसासारखं. दुसरंही. शेवटचंही! दादांनी तुकडा खिडकीशी धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला.

“दांड्यात कचरा होता गं,” ते म्हणाले. “सांगत होतो मी.” त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी “हो ना” म्हणून मोकळी झाले.

मग फळी चढली. नवरा येऊन दारात उभा राहिला, हाताची घडी घालून. मशीन सुरू झालं. खोड आलं, फांद्या आल्या. जाड काम नमुन्याच्याच बिटाने होतं, ते काही चुकलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. आणि मशीन थांबलं.

फळीवरची पानं नमुन्याहून लहान, म्हणून आता त्याहून बारीक बिट लावायचं होतं. पानांच्या शिरा, पानांच्या कडा. त्यासाठी आधी नट सोडवायला हवा होता. मूर्खासारखी मी त्याचा विचारच केला नव्हता.

दादांनी मशीनची वीज बंद केली. एका पान्याने मोटरचा आस धरला, दुसरा नटाला लावला आणि दाबलं. नट हलला नाही. पुन्हा दाबलं. पाना निसटला आणि फळीच्या अगदी कडेला, टेबलावर पडला. नवरा पुढे सरकला. मी त्याचा हात धरून मागे ओढला.

दादा तसेच वाकून राहिले. बिटावरची लाल खूण त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांनी ती पाहिली, मग माझ्या लाल नखांकडे पाहिलं. मी हात पदराआड घेतले, पण उपयोग काय? मला वाटलं, संपलं. आता हे हात पुसतील, गॅलरीत जाऊन बसतील, आणि हे मी केलं.

त्यांनी पाना उचलला आणि मुलाकडे वळले.

“नट तिने आवळलाय,” ते म्हणाले. “सकाळपासून जे नीट येतंय ते त्यामुळे. दांड्यात काही नव्हतं. माझ्या बोटांत जोर राहिला नाही. पटाशी धरवेना तेव्हाच कळायला हवं होतं, पण नाही मान्य केलं. आता तू बोल. मशीन ठेवायचं का घालवायचं?”

कालचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. नवऱ्याचा चेहरा उतरला. आमच्या घरात बापाने मुलाला कधी काही विचारलं नव्हतं, आणि मुलाला बापाला उत्तर द्यायची सवय नव्हती. तो फळीकडे बघत राहिला. खोडावर सालीची खरबरीत नक्षी इतकी खरी आली होती की हात लावावासा वाटत होता.

“खोड छान आलंय, दादा,” तो शेवटी म्हणाला. “पानं बाकी आहेत ना अजून? मग घालवायचं काय विचारता?”

दादांनी दोन्ही पाने माझ्यापुढे धरले. मी नट सोडला. बारीक बिट त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलं, किती वर, किती खाली, ते वाकून वाकून पाहिलं, कारण ते काम मला जन्मात जमणार नाही.

“आवळ,” ते म्हणाले.

मी आवळला.

“अजून.”

अजून आवळला. मला रडू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी नटाकडेच बघत राहिले. दादांनी मशीनची वीज लावली. मी ओट्यावरच्या दुधाकडे निघाले तर त्यांनी मागून हाक मारली.

“चाललीस कुठे? इथेच थांब. पाखरांसाठी पुन्हा बिट बदलायचंय.”