बडग्याच्या गळ्यातली पाटी

मी नागपूर सोडलं त्या दिवशी आमच्या गल्लीतून दोघे निघाले. एक मी आणि दुसरा बडग्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे एका बाईचा मोठा पुतळा, मिरवत निघते आणि तिच्याबरोबर गल्लोगल्लीचे बडगे. हे कागदाचे आणि बांबूच्या कामट्यांचे पुतळे. घरातली, गावातली ईडापीडा त्यांच्या माथी मारायची आणि वेशीबाहेर नेऊन त्यांना जाळून यायचं. आमच्या गल्लीचा बडग्या बाबा करायचे. ते शाळामास्तर. आठवडाभर आमच्या पडवीत जुने पेपर, सुतळी आणि मैद्याची खळ यांचा पसारा असे. बडग्याच्या गळ्यात ते एक पाटी अडकवत. त्या वर्षी काय घेऊन जायचं ते तिच्यावर लिहिलेलं असे. महागाई, भेसळ, एकदा तर शेजारच्या किसनरावांचा जुगार.

मी दाराशी सुटकेस घेऊन उभा होतो आणि तिकडे पोरं बडग्या उचलत होती. किसनराव ओरडले, "काय जी मास्तर, बडग्या अन् पोरगा एकाच दिवशी काढून राहिले का?" सगळे हसले. मीही हसलो. बाबा हसले नाहीत. रिक्षात बसलो तेव्हा ते जवळ येऊन म्हणाले, "निघ आता. अन् मांगं पाहू नको गा."

आई चिडली. "काहून जी, जाताना असं बोलता पोराले?"

मारबत सोडायला जाणाऱ्याने मागे बघायचं नाही, असा आमच्याकडचा नेम होता. गेलेली पीडा माघारी येते म्हणतात. बाबांना तेव्हा काय म्हणायचं होतं कोण जाणे. कदाचित त्यांना त्यांचा चेहरा मला दाखवायचा नसेल. मी मात्र ते वाक्य सोयीचं म्हणून आयुष्यभर वापरलं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे अमेरिकेत आले, त्यांना पुढचं सांगायला नको. आधी शिक्षण, मग नोकरी, मग घराचे हप्ते. आई गेली तेव्हा माझा ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला होता. देशाबाहेर गेलो तर परत येता येणार नाही, असं मी घरी कळवलं. ते पूर्ण खरं नव्हतं. परवानगी मागता येईल, असं वकील म्हणाला होता. मी मागितली नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

यंदा सप्टेंबरात बाबांचं निळं हवाईपत्र आलं. "बडग्या केला नाही. कामटी वाकवायला बोटे वाकत नाहीत. ये म्हणत नाही. कळवतो इतकेच." पत्र फ्रीजच्या वर पडून राहिलं. येताजाता दिसायचं.

ऑक्टोबरात आमच्या रस्त्यावर घरोघरी हॅलोविनची भुतं लटकू लागली. दुकानातला प्लॅस्टिकचा सापळा महाग, म्हणून माझी तेरा वर्षांची मुलगी चारू म्हणाली, आपण घरीच करू. मी तळघरात बसलो. कामट्यांच्या जागी लाँड्रीतून येणारे तारेचे हँगर. कागद म्हणून किराण्याच्या तपकिरी पिशव्या. दुधाच्या रिकाम्या कॅनचं डोकं, जुन्या चादरीचा अंगरखा. मैद्याची खळ शिजवली आणि त्या वासाने हात आपोआप चालू लागले. इतक्या वर्षांत एवढं सलग मी काहीच केलं नव्हतं.

शैला, माझी बायको, जिन्यावरून म्हणाली, "खळीत थोडा मोरचूद घाल. किडे लागणार नाहीत. पुढच्या वर्षी हाच वापरू."

मी लहानपणी बाबांना हेच विचारलं होतं. शाळेची पुस्तकं चिकटवताना ते खळीत मोरचूद घालत, बडग्याच्या खळीत कधीच नाही. म्हणाले होते, "जाळाचाच हाय त मोरचूद कशाले?"

मी चारूला हे सगळं सांगितलं. पाटीचंही सांगितलं. "मग मी लिहू?" तिने विचारलं. लिही म्हटलं, आपल्या घरातून काय जावंसं वाटतं ते.

तिने पिझ्झाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर दोन शब्द लिहिले आणि तो बडग्याच्या गळ्यात अडकवला. नेक्स्ट इयर.

"हे काय?"

"आजोबांकडे कधी जायचं विचारलं की तू हेच म्हणतोस ना, बाबा." ती रागावलेली नव्हती. खोक्यात उरलेला पिझ्झा खात होती.

हॅलोविन होईपर्यंत बडग्या ती पाटी घालून आमच्या दारात उभा राहिला. शेजारीण विचारत होती, याचा अर्थ काय. मी म्हटलं, घरगुती विनोद आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या अंगणात पानं जाळायची होती. शैला म्हणाली, "ठेव की रे, छान झालाय." मी त्याला पानांवर ठेवलं आणि काडी लावली. बाबा ओरडायचे तसं ओरडून बघितलं, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आवाज फार लहान निघाला. चारूने तो तिच्या उच्चारात मोठा केला. पाटी सगळ्यात आधी पेटली.

घराकडे येताना चारू म्हणाली, "मागे बघायचं नाही ना?"

मी थांबलो. म्हटलं, तू नको बघू. मी बघतो.

घर म्हणजे काय, हे मला आता सांगता येत नाही. अठरा वर्षं मी ज्याकडे पाठ करून चाललो, तेवढंच मला माहीत आहे. बाबा, पोळ्याची वाट बघत नाही. डिसेंबरात येतो, चारूला घेऊन. कामट्या आणून ठेवा. वाकवायला माझी बोटं आहेत.