छापायच्या आधी विचारलं का?

स्वतःचं पुस्तक स्वतःच्या पैशानं काढायचं ठरवलं की सल्ले देणारे भरपूर भेटतात. प्रती कमी काढा, कागद बरा घ्या, मुखपृष्ठावर स्वतःचा फोटो टाकू नका. माझ्या वडिलांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पहिलं काम काय केलं, तर प्रकाशनासाठी प्रमुख पाहुण्यांची तारीख घेतली. प्रुफं अजून तपासायची होती आणि मंचावर कोण कुठं बसणार यावरून घरात वाद सुरू. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं आई म्हणायची. आमचं घराणं भिक्षुकांचंच, त्यामुळे तिला ते म्हणताना विशेष आनंद व्हायचा.

निमंत्रणं वाटून झाल्यावर प्रुफं माझ्याकडे आली. एकदा नजर घाल, बाबा म्हणाले. दुष्काळाचं वर्ष होतं. शहर मात्र वाढतच होतं. नव्या वसाहतींना नळ नव्हते आणि जुन्या नळांना पाणी नव्हतं. टँकरची वाट बघत मी वाचत बसले आणि एका प्रकरणाशी थांबले. बाबांनी अक्काबद्दल लिहिलं होतं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, लासूर स्टेशनला दिलेली. त्यांच्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला तेव्हा गावात ना लग्नं ना पूजा. आजोबांना दक्षिणा कुठून मिळणार? मग अक्का पदरानं तोंड झाकून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कुणी नाही. सासरी तर तिनं कधी कळूच दिलं नाही. कळलं असतं तर त्या काळी लग्नच मोडलं असतं. नवरा गेला, तोही काही न कळता. आता मुलगा आणि सून तिच्या शब्दाबाहेर नव्हते, त्या घरात तिचा मान होता, आणि बाबा सगळं छापून मोकळे होणार होते.

"आत्याला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? कौतुकच केलंय. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे ते."

चांगलं होतंच, त्याचाच मला जास्त राग आला. दुसरा कुणी प्रकाशक असता तर त्यानं निदान एकदा हटकलं असतं. स्वतःच प्रकाशक झालेल्या माणसाला हटकणारं कुणी नसतं, खरी गोम तिथं आहे. मी प्रुफं पिशवीत घातली आणि सांगितलं, तिला विचारल्याशिवाय ही छापखान्यात जायची नाहीत.

क्रांती चौकाजवळच्या छापखान्यातून फोन आला. "साब, दोपहर तक बोल दो. मशीन खाली रखूं तो दूसरा काम जाता." बाबा चिडून आत्याकडे लासूरला निघाले, मी मागोमाग. रुंदीकरणासाठी खणलेल्या रस्त्यावर एसटी ट्रकांमागे अडकत होती, खिडकीतून धूळ आत येत होती.

आम्ही पोचलो आणि दारात टँकर आला. सून हंडे घेऊन बाहेर धावली. बरं झालं, आत्या एकटी सापडली. "फक्त हळूच विचारा," प्रुफं हातात देत मी बाबांना म्हणाले. पण स्वतःचं लिखाण हातात असलेला माणूस विचारत नाही, वाचायला लागतो. बाबा उभं राहून, व्याख्यान दिल्यासारखे खड्या आवाजात वाचू लागले. माझं सगळं लक्ष दाराकडे. खडीचा मजकूर आला तेव्हा सून भरलेला हंडा कमरेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. हंडा खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

मी बाबांची बाही ओढली. ते थांबले नाहीत. "अक्का कुठं जाते हे आम्हा भावंडांना फार उशिरा कळलं. तोवर आम्ही उपाशीच झोपत होतो."

"थांब," आत्या म्हणाली. "कोण उपाशी झोपत व्हतं?"

बाबांनी हातातली प्रुफं खाली केली.

"कामावर खायला सुकडी मिळायची. मी ती पदरात बांधून आणायचे अन् तू खायचा. कुठून आणली ते तुला पहिल्या दिवसापासून ठावं व्हतं. रडून मागायचा. उपाशी मी झोपायचे. लई चांगलं लिहिलंस रे, पण तू कुठंय यात?"

"अक्का, मी लहान होतो..."

"व्हय, लहान व्हता. मग तसं लिही. छाप, मी नाय म्हणत नाय. पण माझं छापतोस तर तुझंबी छाप."

फोन वाजला. छापखानाच. बाबांनी माझ्याकडे बघितलं. दोन ओळी बदलल्या असत्या तरी पुरलं असतं. मी पेन पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही. फोनमध्ये म्हणाले, "ते प्रकरण काढून टाका. बाकीचं छापा."

मला त्यांची लाज वाटली. इतकी, की आत्याकडे बघवेना.

आत्या उठली, सुनेच्या कमरेवरचा हंडा उतरवून घेतला. "बस अशी," ती तिला म्हणाली. "अर्धंच ऐकलंस. राहिलेलं मी सांगते." आणि पहिल्या दिवसापासून सांगू लागली. कोणत्या वाटेनं जायची, तळहाताला फोड आले की काय लावायची, पदरातल्या सुकडीचा वास येऊ नये म्हणून काय करायची. सून तिच्या पायाशी बसली.

बाबा चपला घालायला वळले.

"तू कुठं निघालास?" आत्या म्हणाली. "आता ऐक की."