तीन नंबरच्या फ्रीजची सुट्टी

हरवलेली वस्तू शोधून देणारी माणसं जगात लय असतील, पण वस्तू हरवूच न देणारा माणूस देवानं एकच घडवला, अन् तो नाशकात पेठ रोडला आमच्या बियाण्याच्या लॅबमधी फ्रीजवर नेमला. मी तिथं झाडू-पोछाला व्हते, सतरा वर्षं. लॅबमधी कपाटाएवढे सहा फ्रीज. त्यांच्यात डोंगरातल्या पाड्यांवरून आणलेलं बी, द्राक्षाची रोगट पानं, मातीच्या पुड्या, सगळं गोठवून ठेवलेलं. कुठल्या फ्रीजमधी, कुठल्या खणात, कुठल्या डब्यात काय हाय ते या साहेबांना तोंडपाठ. तरी वर वही. ती वही फाटली तर असू द्यावी म्हणून दुसरी वही, अन् दुसरी वही कुठं ठेवली ते लिहायला तिसरी. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, मला वाटायचं सरकारनंच तसं सांगितलं असंल. एकदा मोठे साहेब आले अन् म्हणाले, "अहो, सरकारला एकच वही पुरते." तेव्हा कळलं, हे यांच्या पोटातून येतं.

फ्रीजचं दार उघडलं की ते मोठ्यानं आकडे म्हणायचे, एक, दोन, तीन, अन् दहाच्या आत दार बंद. दुसऱ्या कोणी उघडलं तरी हे मागं उभं राहून आकडे म्हणणार. एक नवीन मॅडम आल्या व्हत्या, मुंबईच्या, त्या पंधरापर्यंत गेल्या. साहेबांचा चेहरा असा झाला जसं काय घरातलं तान्हं लेकरू कोणी ओसरीवर उघडं टाकलं. म्हणाले, "मॅडम, गारवा गेला." मॅडम हसल्या. "परत येईल ना सर." "येईल," साहेब म्हणाले, "पण तो नवा असेल." त्या मॅडम पुढं सहा महिने दाराला हात लावायच्या आधी देवाचं नाव घ्यायच्या. मे महिन्यात नाशिक तापतं ते तापतंच, पण यांच्या अंगात विणलेला स्वेटर. मी म्हटलं, साहेब, एवढ्या उन्हात? तर म्हणाले, "मावशी, आत एवढी थंडी काढून बसलेत सगळे. त्यांच्यासमोर आपण घाम पुसत उभं राहणं बरं दिसत नाही." सगळे म्हणजे ती पाकिटं.

आता फ्रीज म्हटला की माणसाला खायचं आठवणारच. आमच्या कारकुनानं एकदा सकाळी शेपूच्या भाजीचा डबा दोन नंबरात सारला, दुपारपर्यंत ताजी राहील म्हणून. साहेबांना सापडला. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. यांनी डबा काढला, तोलला, चिठ्ठी लावली अन् वहीत लिवलं. नमुना, शेपू, शिजवलेला. गोळा केल्याचं ठिकाण, कारकुनाचं घर. गोळा करणार, त्यांची बायको. अन् डबा परत आत. दुपारी कारकून जेवायला बसला तर साहेब म्हणाले, "अर्ज करा. नमुना बाहेर काढण्याचं कारण लिहा." तो बिचारा भुकेला माणूस, त्यानं लिवलं, भूक. साहेबांनी वाचलं अन् म्हणाले, "असं चालत नाही. संशोधनासाठी, असं लिहा." त्यानं तसं लिवलं अन् मग शेपू खाल्ला, पण तो दगडावाणी गोठलेला, चमचा वाकला त्याचा.

घरीही तसंच असणार, दुसरं काय. त्यांच्या मोठ्या पोरीचं लग्न झालं, आम्ही सगळे गेलो. पंगतीत प्रत्येकाला नंबर. मला रांग चार, जागा नऊ. नवरदेवाचा मामा देवळ्याहून आयत्या वेळी आला, त्याचं नाव वहीत नाय. तो ताटकळत उभा, पंगत वाढलेली, अन् साहेब मुंडावळ्या बांधलेल्या जावयाला इचारतात, "हे कोणत्या गटातले?" त्यांच्या बाई पुढं झाल्या, मामाला हाताला धरून बसवलं अन् नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही आता जाऊन फ्रीजमध्ये बसा." मला त्या बाई तिथंच आवडल्या.

पण मी या माणसाला हसले तरी मनातून त्यांच्या पाया पडायचे, त्याला कारण व्हतं. आमचा पाडा पेठच्या पलीकडं, घाटाखाली. तिथं आमची एक नागली व्हती, तुम्ही नाचणी म्हणता ती, कणीस असं मुठीसारखं मिटलेलं, म्हणून तिला मुठ्या म्हणायचे. दुसऱ्या पाड्यावर ती नव्हती. एका साली पाऊस ऐन लावणीला पळाला, पुढल्या साली पुन्हा तसंच. घरात काय नाय राह्यलं तेव्हा सासूनं बियाची कणगी उघडली. आम्ही बियाच्या भाकरी केल्या. गोड लागल्या, खोटं कशाला बोलू. सासू तेवढी जेवली नाय. म्हणाली, मला भूक नाय. मग आम्ही खाली उतरलो, पिंपळगावला द्राक्षाच्या कामाला. धनी तिथंच तापानं गेले. पोरं वाढवायची व्हती म्हणून मी हे काम, ते काम करीत नाशकात आले अन् लॅबमधी लागले.

तिथं एक दिवस मी फरशी पुसत व्हते अन् साहेब वही मोठ्यानं वाचत व्हते. वाचता वाचता आमच्या पाड्याचं नाव आलं. माझा हात थांबला. दुष्काळाच्या आधी साहेब आमचे डोंगर पायी फिरले व्हते, अन् आमच्याच उंबऱ्यात बसून सासूकडनं दोन मुठी मुठ्या नागली घेतली व्हती. सासूनं ती गोष्ट आम्हाला सांगितलेली, मला लख्ख आठवली. ती म्हणायची, एक येडा आला व्हता, नागलीला थंडी वाजवणार म्हणतो. मी साहेबांना म्हटलं, ती आमची. साऱ्या डोंगरात आता एक दाणा नाय तिचा. साहेबांनी वहीवर बोट ठेवलं. "तीन नंबर फ्रीज, चौथा खण, सातवा डबा, अकरावं पाकीट. एवढंच आहे, मावशी. नियम असा आहे की शेवटचं पाकीट बाहेर द्यायचं नाही. दिलं अन् उगवलं नाही तर संपलंच." मी म्हटलं, बरं. मला कळलं ते. पण त्या दिवसापासून तीन नंबरची फरशी मी दोनदा पुसायचे.

अन् त्याच तीन नंबरचा मी घात केला.

दसरा व्हता. साहेबांनी सकाळी येऊन सहाही फ्रीजना हळद-कुंकू वाह्यलं, झेंडूची माळ घातली, तीही दाराच्या रबराला लागू नये अशी बेतानं. नारळ फोडला तो दहा पावलं लांब जाऊन. मग म्हणाले, "मावशी, झाडून घ्या अन् कुलूप लावून घरी जा, सणाचा दिवस आहे." ते गेले. मी एकटी. सगळीकडं गप्प, फक्त फ्रीजांचा आवाज. तीन नंबर सगळ्यात जुना, तो असा कण्हायचा जसं काय कोणी डोक्यावर वझं घेऊन घाट चढतंय. आमच्याकडं दसऱ्याला औत जुंपत नाय, कोयत्याला हात लावीत नाय. त्यांचाही तो दिवस असतो. पिंपळगावला कोल्ड स्टोरेजची मोठी मशीन व्हती, तीही दसऱ्याला धुऊन-पुसून माळ घालून बंदच असायची, मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलेलं. मी म्हटलं, हे फ्रीज बिचारे वर्षाचे सारे दिवस राबतात, साहेबांनी माळ घातली अन् सुट्टी द्यायची इसरले. बटण बंद केलं. सहाही बंद करणार व्हते, पण बाकीच्यांची बटणं उंच, माझा हात पुरला नाय. तीन नंबर हुंदका दिल्यावाणी हलला अन् गप झाला. मला लय बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले अन् उंबऱ्यातच थांबले. ते नेहमी तसंच करायचे, आधी आवाज ऐकायचे. म्हणाले, "तीन नंबर बोलत नाही."

मी म्हटलं, "त्याला काल सुट्टी दिली साहेब. सण व्हता ना."

त्यांनी माझ्याकडं पाह्यलं. मग तीन नंबरकडं. त्याच्या खाली पाणी साचलं व्हतं अन् त्यात झेंडूची पाकळी तरंगत व्हती. त्यांनी बटण चालू केलं अन् स्वेटर घातलेला तो माणूस त्या पाण्यात खाली बसला. बसल्या बसल्या म्हणाले, "मावशी, सुट्टी द्यायची कोणी सांगितलं?" मी पिंपळगावच्या मशीनचं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, द्राक्षं फेब्रुवारीत येतात. दसऱ्याला कोल्ड स्टोरेज रिकामंच असतं. रिकामं म्हणून बंद असतं." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मग मला आठवलं, चौथा खण, सातवा डबा. मी इचारलं, "अकरावं पाकीट?" ते म्हणाले, "त्यातच आहे." मीही त्यांच्या शेजारी पाण्यात बसले. कारकून आला, त्याला वाटलं आम्ही दोघं पडलो, तो उचलायला लागला.

पानांचे दोन डबे गेले, ते गेलेच. बियाची पाकिटं बाहेरून घामेजली व्हती. साहेबांनी ती लगेच उघडू दिली नायत, आधी अंग कोरडं होऊ द्या म्हणाले. मग प्रत्येक पाकिटातनं मोजकं बी काढून काचेच्या ताटलीत ओल्या कागदावर ठेवलं, उगवतंय का बघायला. मुठ्याचे पंचवीस दाणे. कागदावर चिमूटभर काळे ठिपके, बस. मी रोज सकाळी आल्या आल्या ती ताटली बघायची. पहिला दिवस काय नाय. दुसरा दिवस काय नाय. साहेब म्हणायचे, "बघून बघून ते लाजतं, मावशी. झाडू मारा." पण मी झाडू मारायला वळले की ते स्वतः भिंग घेऊन वाकायचे.

मधल्या काळात मोठ्या साहेबांनी बोलावलं. मी दाराशी उभी व्हते, माझी नोकरी गेली हे मी धरूनच आले व्हते. आमच्या साहेबांनी टेबलावर एक कागद ठेवला. मोठे साहेब वाचायला लागले, अन् त्यांचा आवाज चढत गेला. "रजेचा अर्ज. अर्जदार, फ्रीज क्रमांक तीन. सेवा, अकरा वर्षं. आजपर्यंत घेतलेली रजा, शून्य. रजेचं कारण, दसरा. अहो, हे काय आहे?"

"अर्ज आहे, साहेब. सुट्टी झाली, तर नोंद पाहिजे."

"मंजूर कोणी केली?"

"खाली सही आहे. माझी."

"बटण कोणी बंद केलं ते विचारतोय मी!"

"फ्रीज माझ्या ताब्यात आहेत," साहेब म्हणाले. "बटणंही."

मोठ्या साहेबांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्हाला वेड लागलंय." साहेब म्हणाले, "त्याची नोंद नाही." त्या साली त्यांची बढती अडली. मला कोणी इचारलंही नाय. बाहेर आल्यावर मी पाया पडायला वाकले तर ते मागं सरकले. "मावशी, पुढच्या वेळी आधी विचारा. मी नाही म्हटलं असतं, तुम्ही त्याला नैवेद्य दाखवला असता, भागलं असतं."

चौथ्या दिवशी ताटलीत पांढरे केस फुटल्यावाणी दिसलं. साहेबांनी भिंग माझ्या हातात दिलं. तोवर त्यांनी ते कोणाच्या हातात दिलेलं मी पाह्यलं नव्हतं. एकोणीस दाणे उगवले व्हते. मी मोजले नायत, त्यांनी मोजले, तीनदा.

आता नियम असा, की पाकीट बाहेर द्यायचं नाय, पण तपासणीला काढलेलं बी तपासून झालं की टाकून द्यायचं. साहेबांनी तो नियम मला वाचून दाखवला, अन् लॅबच्या मागं फुटक्या बादल्यांत माती भरून ती एकोणीस रोपं लावली. हंगाम नव्हता, पण पाणी घातलं, जगली. चिमण्या यायच्या तर हे जेवणाच्या सुट्टीत तिसरी वही घेऊन हाकलत बसायचे. होळीच्या सुमारास कणसं मिटली, मुठीसारखी. साहेबांनी ती चोळली, पाखडली, माझ्यापुढं वही धरली अन् लिवलेलं वाचून दाखवलं. तपासणीतील शिल्लक बियाण्याची विल्हेवाट लावली. ठिकाण, मावशींचा ओचा. मी तिथं माझं नाव लिवलं, मोठं अक्षर काढून, अन् ओचा पुढं केला.

दीर अजून पाड्यावर व्हता. त्या पावसाळ्यात त्यानं उतारावर लावली. पहिल्या साली कपभर झाली, तिसऱ्या साली शेजारच्या पाड्यांनी मागून नेली. पुढं मी नोकरी सोडली, साहेबही रिटायर झाले. पण दर साली नागली निघाली की मी किलोभर घेऊन त्यांच्या घरी जायचे. म्हणायचे, साहेब, खाऊन बघा, भाकर गोड लागते. ते म्हणायचे, हो हो. दुसऱ्या साली इचारलं, कशी लागली, तर म्हणाले, हो हो.

गेल्या साली ते गेले. मी यंदाची नागली घेऊन बाईंना भेटायला गेले. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या अन् घरचा फ्रीज उघडला, वरचा बर्फाचा खण. आत सगळी पाकिटं, एकावर एक रचलेली, प्रत्येकावर साल, पाड्याचं नाव, माझं नाव. सगळी न फोडलेली. बाई म्हणाल्या, "एक भाकरी खाल्ली नाही हो यांनी त्यातली. मला करू दिली नाही. म्हणायचे, वर डोंगरावर काही झालं तर मावशी कुठे जातील मागायला?"

मी एका पाकिटावरचा बर्फ बोटानं पुसला. बाई म्हणाल्या, "आता तुम्ही घेऊन जा सगळी, तुमचीच आहेत." मी म्हटलं, "राहू द्या, बाई. ही यंदाची तेवढी ठेवा."

जागा नव्हती. बाईंनी मटाराची पिशवी बाहेर काढली.