एफ.वाय.चे मार्क

मला नर्स व्हायचंय, असं मी आईला सांगितलं ते अमेरिकेतून फोनवर, कॉलिंग कार्डाची मिनिटं मोजत. आई म्हणाली, "बी.एस्सी. फर्स्ट क्लास होऊन तू लोकांची बेडपॅनं उचलणार?"

हे २००२ सालचं. आम्ही तेव्हा डॅलसजवळ अर्विंगला अपार्टमेंटमध्ये राहत होतो. ग्रीन कार्ड हातात पडलं, आम्ही श्रीखंड आणून खाल्लं, आणि सहा महिन्यांत नवऱ्याची नोकरी गेली. त्याच्यासारखे आणखी चार-पाच जण भर दुपारी स्विमिंग पूलपाशी बसलेले दिसायचे. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. आठ महिन्यांनी त्याला दुसरीकडे लागली, पण तोवर मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता मीही नोकरी करायची, आणि ती अशी की कोणाला उचलून हैदराबादला नेता येणार नाही. कोड लिहायचं काम हैदराबादला जातं. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवायचं काम जात नाही.

आईने साताऱ्यात शेजारीपाजारी सांगितलं, "लेक मेडिकल करतेय." मी तिच्यावर चिडले. पण खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायला बरं वाटलं होतं. आमच्या घरात नर्स म्हणजे दवाखान्यात गेल्यावर जिच्याशी जरा आवाज चढवून बोलायचं ती बाई. मी स्वतः तसं बोललेली आहे. तेव्हा नर्स व्हायचं, पण "तशी" नर्स नाही, बी.एस्सी. झालेली, हौसेने या लाइनीत आलेली नर्स व्हायचं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. हा खुळेपणा पुढे मला चांगलाच भोवला.

आधी एड, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस, म्हणून काम करावं, त्याने प्रवेशाला मदत होते, असं कळलं. म्हणून मी एडचा छोटा कोर्स केला आणि २००३मध्ये घरापासून दहा मिनिटांवरच्या नर्सिंग होममध्ये लागले. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल. इथे नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांची शेवटची राहायची जागा. तिथे नर्सेसचे कपडे गडद निळे आणि आम्हा एडचे मरून. मरून कपड्यातल्या बाईने गोळी द्यायची नाही, सुईला हात लावायचा नाही. धुवायचं, पुसायचं, भरवायचं, वळवायचं. पहिल्याच आठवड्यात मी बेडपॅनं उचलली आणि आश्चर्य म्हणजे मला काही वाटलं नाही. माझा हात चांगला होता. कोणाच्या पाठीची कातडी लाल व्हायला लागली की ते सगळ्यांत आधी मला दिसायचं.

कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी होत्या, कधीकाळी शाळेत शिक्षिका असलेल्या. त्यांना कालचं आज आठवत नसे. रोज सकाळी मी पडदा उघडला की त्या विचारायच्या, "तू नर्स आहेस का?"

"नाही," मी सांगायची.

"मग नर्सला बोलाव."

मला त्यांचा राग यायचा नाही. मी मनात म्हणायची, थांबा आजी, दोन-तीन वर्षं थांबा.

संध्याकाळी मी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि बाकीचे आधी करावे लागणारे विषय घेत होते. वयाच्या सदतिसाव्या वर्षी हाडांची नावं पाठ करत होते. पोळ्या लाटताना मनगटातली आठ हाडं म्हणायची. सगळ्या विषयांत ए मिळाला. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. तिने माझं प्रगतिपुस्तक पाहिलं आणि म्हणाली, "मॉम, पुट इट ऑन द फ्रिज!" माझे मार्क पहिल्यांदाच कोणीतरी असे भिंतीवर लावण्याच्या लायकीचे ठरवले होते. मी लावले.

आता प्रश्न होता कॉलेजचा. गाडीने जाता येतील अशी दोन कम्युनिटी कॉलेजं होती आणि दोन्हींची तऱ्हा वेगळी होती. एकात रांग. ठरलेले विषय पास झालात की यादीत नाव घालायचं आणि नंबर यायची वाट बघायची. हुशार असा, ढ असा, नंबर आला की प्रवेश. दुसऱ्यात गुण. तुमचे आजवरचे सगळे मार्क, कामाचा अनुभव, आधीची पदवी, सगळ्याची बेरीज करून वरच्यांना घ्यायचे. दोन्हीकडे एकच डिग्री मिळायची, पुढे सरकारी परीक्षाही एकच.

रांगेच्या कॉलेजात मी नाव घातलं तेव्हा माझा नंबर एकशे बारा होता. काउंटरवरच्या मुलीपुढे मी माझं पदवीचं प्रमाणपत्र ठेवलं. वडिलांनी ते लॅमिनेट करून दिलं होतं, पंधरा वर्षं मी ते साड्यांच्या खाली जपलं होतं. तिने एका बोटाने ते माझ्याकडे परत सरकवलं. "हे आम्हाला लागत नाही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. पण मला ते बोट लागलं. माझ्या पुढे रांगेत जेमतेम शाळा संपवलेली, च्युइंगम चघळणारी पोर होती आणि इथे ती आणि मी सारख्याच.

गुणांच्या कॉलेजातल्या सल्लागार बाई मोठ्या प्रेमळ. चष्मा वर करून म्हणाल्या, "अरे वा, तुमच्याकडे बॅचलर्स डिग्री आहे! त्याचे जादा गुण मिळतात." फक्त बाहेरच्या देशातल्या पदवीची तपासणी करून घ्यावी लागेल, म्हणाल्या. ती करायचीच असं नाही, ऐच्छिक आहे. मी त्यांचं "अरे वा" घरापर्यंत जपून आणलं.

नवरा म्हणाला, "कशाला भानगडीत पडतेस? नंबर लावलाय ना, येईल की दोन वर्षांत."

"मी काय रेशनच्या रांगेत उभी आहे का?" मी म्हणाले. "फर्स्ट क्लास आहे माझा."

"ओके यार, तू ठरव," तो म्हणाला आणि टीव्ही लावला. तो त्या वेळी भांडला असता तर फार बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं. पण तो माझ्याशी कधी भांडत नाही.

रांगेचं कॉलेज दर वसंतात एक कार्ड पाठवायचं. तुम्हाला यादीत राहायचं असेल तर सही करून परत पाठवा. २००५चं कार्ड आलं तेव्हा माझा नंबर पंचेचाळीसवर आला होता. म्हणजे पुढच्या खेपेला नक्की. मी ते कार्ड फ्रिजवर माझ्या ए ग्रेड्सच्या शेजारी लोहचुंबकाने अडकवलं आणि तारीख जाऊ दिली. विसरून नव्हे. रोज दूध काढताना ते मला दिसत होतं. गुणांच्या कॉलेजचा अर्ज गेला होता, मी बिनधास्त होते. त्या चव्वेचाळीस जणांच्या मागे उभं राहणं मला कमीपणाचं वाटत होतं. हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते.

पदवीच्या तपासणीचा अहवाल परस्पर कॉलेजला गेला, माझी प्रत मागाहून आली. मी ती घरात शिरता शिरता उभ्यानेच वाचली.

आमच्या वेळी क्लास ठरायचा तो शेवटच्या वर्षावर. एफ.वाय. म्हणजे पहिलं वर्ष, त्यात नुसतं पास व्हायचं. ते मार्क कोणी विचारायचं नाही, घरात नाही, नोकरीत नाही, लग्नाच्या बाजारातही नाही. आणि एफ.वाय.ला मी धमाल केली होती. गॅदरिंग, एकांकिका स्पर्धा, मैत्रिणी. गणितात पस्तीस, फिजिक्समध्ये एकोणचाळीस. एस.वाय.ही तसंच गेलं. तिसऱ्या वर्षी डोळे उघडले, जीव तोडून अभ्यास केला आणि फर्स्ट क्लास काढला. वडिलांनी पेढे वाटले. मागची दोन वर्षं पेढ्यांखाली गाडली गेली ती कायमची, असं मी धरून चालले होते.

त्या अहवालात एकेक पेपर होता. वीस वर्षांपूर्वीची माझी गणिताची पस्तिशी अमेरिकेत येऊन डी झाली होती. फिजिक्सला सी, त्याखाली सी, सी, आणि मग शेवटच्या वर्षाचे बी आणि थोडे ए. फर्स्ट क्लास हा शब्द अख्ख्या कागदावर कुठेही नव्हता. आणि ते तीन वर्षांचे पेपर माझ्या इथल्या मोजक्या ए विषयांच्या छाताडावर बसले होते.

जूनमध्ये नकाराचं पत्र आलं. मी त्या सल्लागार बाईंकडे गेले. त्यांनी फाइल उघडली, बराच वेळ पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हनी, हे तुम्ही दिलंच नसतं तर तुम्ही वरच्या दहांत होता. आम्ही विचारलंही नसतं."

"मग काढून टाका," मी म्हणाले.

"फाइलमध्ये आलेला कागद काढता येत नाही."

"तुम्हीच म्हणाला होता, जादा गुण मिळतात."

"मिळाले ना. ते धरूनच ही बेरीज आहे."

मी पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले. टेक्सासचा उन्हाळा, स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. मी रडले नाही. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, आणि एकदा मी खरंच मारून घेतली. मग तशीच रांगेच्या कॉलेजात गेले. काउंटरवर दुसरीच मुलगी होती. माझं नाव यादीतून गेलेलं होतं. परत घालता येईल, ती हसून म्हणाली. नवा नंबर दोनशे आठ. एव्हाना सगळ्या डॅलसला नर्स व्हायचं होतं.

इथे अॅनाटॉमीचे मार्क पाच वर्षं चालतात, मग शिळे होतात. माझे २००८च्या वसंतात शिळे होणार होते. दोनशे आठ नंबर त्याआधी येणं शक्य नव्हतं, हे समजायला गणितात पस्तीस पुरतात. तरी मी दर वर्षी कार्डावर सही करून पाठवत राहिले, तेही आलं त्याच दिवशी. गुणांच्या कॉलेजात आणखी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा पातळ पाकीट आलं. नाही म्हणायला कागद कमी लागतो.

मुदत संपली त्या वसंतात मैत्रिणी म्हणाल्या, पुन्हा कर की अॅनाटॉमी, त्यात काय. त्यांचं बरोबर होतं. पुन्हा करता आलं असतं. पण मी बेचाळीस वर्षांची झाले होते, दिवसभर माणसं उचलून कंबर धरलेली असायची, आणि मनगटातलं आठवं हाड आठवेना. मी फ्रिजवरचं सगळं काढलं. मुलगी आता हायस्कूलला जाणार होती. तिने रिकाम्या फ्रिजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लोहचुंबकं गोळा करून ड्रॉवरमध्ये ठेवली. उमेद संपते म्हणजे काही मोठं घडत नाही. पुढचा फॉर्म आणायला आपण जात नाही, एवढंच.

आईला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. "चाललंय", "होईल", "झालंच आता" असं करत पाच वर्षं काढली. तिने कधीतरी आपलं आपणच ठरवून टाकलं की लेकीचं शिक्षण झालं. मी ते खोडून काढलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. रोज आमच्या संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, मी वहिनीच्या मोबाइलवर फोन करायची. चौथ्या-पाचव्या दिवशी आईचा आवाज एकदम टवटवीत होता.

"इथे एक पोरगी आहे गं नर्स," ती म्हणाली. "काय तिचे हात! मला वळवते ते कळतसुद्धा नाही. मी तिला सांगितलं, माझी लेक पण नर्स आहे, अमेरिकेत. थांब, देते तिला. बोल."

मी नको नको म्हणेपर्यंत फोन तिच्या हातात गेलेला. "नमस्कार मॅडम," ती म्हणाली. आवाज कोवळा होता. "आजी रोज सांगतात तुमच्याबद्दल. तिकडे एका नर्सकडे किती पेशंट असतात हो?"

मी सांगितलं. मला माहीत होतं ते.

"एवढेच? आणि तुम्हाला किती वर्षं झाली?"

"पाच," मी म्हणाले. मग तिला सांगितलं की आईच्या टाचांखाली उशी देत जा, टाचा आधी लाल होतात, माकडहाडाच्याही आधी बघत जा. "हो मॅडम," ती म्हणाली. माझ्या आयुष्यात मला नर्स समजून कोणी ऐकलं ते तेवढंच.

आईने फोन परत घेतला. "ऐक," ती म्हणाली, "तेव्हा मी तुला वेडंवाकडं बोलले होते. बेडपॅनचं. माझं चुकलं गं. तू माझं ऐकलं नाहीस ते फार बरं केलंस."

आई कधी कोणाची माफी मागत नाही. वडिलांची नाही, वहिनीची नाही. मी म्हटलं, "असू दे गं, मी कधीच विसरले." मग कार्ड संपत आल्याची सूचना वाजली आणि आम्ही घाईने फोन ठेवले. "तशी" नर्स नको म्हणून मी रांग सोडली, म्हणजे खरं तर मी तिचंच ऐकलं होतं, हे तिला सांगायचं राहिलं. ती त्याच वर्षी गेली.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले. कोपऱ्यातल्या खोलीचा पडदा उघडला. आजींनी डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं.

"तू नर्स आहेस का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग नर्सला बोलाव."

मी बोलवायला गेले.