मुकादमांचं उशिराचं हसू

मुकादमांना हसू उशिरा येत असे. दर गुरुवारी संध्याकाळी मेसमागच्या चुना लावलेल्या भिंतीवर कंपनी सिनेमा दाखवी. सारी छावणी पोट धरून हसे आणि मुकादम आपल्या घडीच्या खुर्चीत मख्ख बसून राहत. मग शनिवारी सकाळी, पाइपांच्या आवारात भर कामात असताना, ते एकदम हसू लागत. कुणी विचारलं तर म्हणत, "परवाचं आत्ता पोचलं हो."

साठ सालाच्या आसपास मी कतारमधल्या दुखानच्या तेलछावणीत कारकून म्हणून गेलो. आमच्या घरात पदवीधर झालेला मी पहिलाच, पण साधा भातही मला शिजवता येत नव्हता. मुकादम दापोलीकडचे. त्यांनी मला आपल्या खोलीत घेतलं, भात शिकवला, उन्हाळ्यात ओली चादर पांघरून झोपायला शिकवलं. मला नावाने हाक त्यांनी कधी मारली नाही. "हा आमच्या खेडचा बीए," असं ते फाटकावरच्या अरब पहारेकऱ्यालाही कौतुकाने सांगत.

त्यांचं लग्न गावातल्याच एका मुलीशी ठरून बरीच वर्षं झाली होती. एकदा रजा ऐन पावसाळ्यात मिळाली. कोकणच्या बोटी बंद, पाहुणे येणार कसे, म्हणून लग्न पुढे गेलं. पुढच्या रजेत आई वारली. त्यानंतर बदली माणूस आला नाही आणि रजाच रद्द झाली. "यंदा इन्शाल्ला," ते म्हणत. त्या हिवाळ्यात रजा खरोखरच मंजूर झाली होती.

त्याच सुमारास तो सिनेमा आला. नवरा-नवरी एकमेकांवर लट्टू, दोन्ही घरं राजी, तरी लग्न काही लागत नाही. कधी काझीच झोपून राहतो, कधी वरातीचा घोडा नवऱ्याला घेऊन भलत्याच गावी पळतो. "मुकादम, तुमचीच गोष्ट," मागून कुणीतरी ओरडलं. मुकादम नेहमीप्रमाणे गप्प. शनिवारी मात्र पाइपवर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसले. "घोडा पळाला हो, बीए."

काही दिवसांनी त्यांच्या गावचा एकजण मुंबईच्या बोटीने आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "तिचं लग्न लावून दिलं, मुकादम. बाप थकला वाट पाहून." मुकादमांनी त्याच्या कपात चहा ओतला. "बरं केलं. तिने तरी किती थांबायचं? खलास." दुसऱ्या दिवशी आपली रजा त्यांनी एका फिटरला द्यायला लावली आणि कामावर गेले. शनिवार आला, गेला. आम्ही त्यांच्याकडे चोरून पाहत राहिलो. काही झालं नाही.

पुढे एकदा नवा सिनेमा वेळेवर पोचला नाही, म्हणून तोच पुन्हा लावला. मुकादम आले आणि आपल्या जागी बसले. घोडा पळाला, पण कुणी हसेना. पडद्यावर काझी जागा झाला, लग्न लागलं, तरी सगळे मुकादमांच्या पाठीकडेच बघत होते. ते मागे वळून म्हणाले, "हसा की रे. पैसे का दिलेत कंपनीने?" मग आम्ही हसलो.

मी नोकरी सोडून निघालो तेव्हा ते ट्रकपर्यंत पोचवायला आले. मी धीर करून विचारलं, "मुकादम, तुम्हाला त्या गोष्टीचं वाईट वाटलं नाही?"

"वाटेल हो. निघालं असेल तिकडून," ते म्हणाले आणि माझी ट्रंक वर चढवली.

आता मी खेडला शाळेत शिकवतो. परवा बाजारात दापोलीचा एक ओळखीचा भेटला. मुकादम तिकडेच गेले, दोह्याला पुरले, असं त्याने सांगितलं. मी भाजी घेतली, घरी आलो, जेवलो. वह्या तपासायला बसलो. पत्नी म्हणाली, "गप्प का? काय झालं?"

मी म्हटलं, "अजून काही नाही."